'फॅमिन' आणि 'स्केअर्सिटी' : दोन इंग्रजी शब्द व एक मराठी दुष्काळ

१

महाराष्ट्र राज्याने १९६३ साली एक छोटासा अधिनियम संमत केला. राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञा वगळणे एवढेच त्याचे प्रयोजन होते व ते त्याच्या नावातच नमूद केलेले आहे. 'फॅमिन' या शब्दाचा मराठीतील रूढ प्रतिशब्द दुष्काळ हा होय. म्हणजे साध्या मराठीत सांगावयाचे तर महाराष्ट्रातील दुष्काळ त्या वर्षी कायद्याने नाहीसा केला. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच राज्याच्या शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जो शब्द कायद्याच्या पुस्तकातून खोडला गेला, तोच पंचावन्न वर्षांनी शासनाच्या निर्णयात पुन्हा कसा अवतरला, असा प्रश्न कोणाही चिकित्सक वाचकास पडेल.

वरवर पाहता हा विरोध आहे. वस्तुतः तो विरोधाभास आहे. १९६३ साली वगळला गेला तो 'फॅमिन', आणि २०१८ साली जाहीर झाला तो 'ड्राउट'. या दोहोंच्या मध्ये 'स्केअर्सिटी', म्हणजे आपल्या प्रशासनाच्या भाषेतील टंचाई, उभी आहे. मराठीत पहिल्या व तिसऱ्या अशा दोन्ही शब्दांसाठी आपण दुष्काळ हा एकच शब्द योजतो. त्यामुळे इंग्रजीत जो भेद स्पष्ट दिसतो तो मराठी अनुवादात लुप्त होतो.

'फॅमिन' व 'स्केअर्सिटी' या दोन समीपार्थी शब्दांतील अर्थभेद उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा भेद केवळ कोशकारांच्या जिज्ञासेचा विषय नाही. मोजमाप कशाचे करावयाचे, माणसांचे की वस्तूंचे, आणि मदतीचे उत्तरदायित्व केव्हा सुरू होते, हे यांपैकी कोणता शब्द योजला यावर अवलंबून राहिले आहे. विवेचन अधांतरी राहू नये म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याचे फुलसावंगी हे गाव उदाहरणादाखल पुढे घेतले आहे.

२

प्रथम व्युत्पत्ती पाहू. 'फॅमिन' हा शब्द लॅटिनमधील 'फामेस' या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'फामेस' म्हणजे भूक. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी धान्य नाही, पाऊस नाही, शेतही नाही. तेथे माणसाचे पोट आहे. 'स्केअर्सिटी'चे कूळ निराळे. त्याचे मूळ लॅटिनमधील 'एक्सकेर्पेरे' या क्रियापदात सापडते व त्याचा अर्थ वेचून काढणे असा आहे. उताऱ्यास इंग्रजीत जो 'एक्सर्प्ट' म्हणतात, तो याच क्रियापदाचा वंशज. वेचून घेतल्यावर जे मागे उरते ते थोडे असते. त्या थोडेपणाचे नाव 'स्केअर्सिटी'. हा शब्द वस्तूचे परिमाण सांगतो. ती वस्तू कोणाला मिळाली नाही व त्यामुळे त्याचे काय झाले, याविषयी तो मौन पाळतो.

वाक्यरचनाही हाच भेद दर्शविते. 'स्केअर्सिटी' म्हटले की ती कशाची, हा प्रश्न लागलीच उपस्थित होतो. पाण्याची, चाऱ्याची, इंधनाची, सुट्या पैशांची, अशी षष्ठी तिला बहुधा लागतेच. 'फॅमिन'ला अशा षष्ठीची अपेक्षा नसते. तो स्वयंपूर्ण शब्द आहे व त्याचा संबंध एखाद्या प्रदेशातील लोकांशी असतो. माणसे 'फॅमिन'ने मरतात. 'स्केअर्सिटी'ने ती अडचणीत येतात.

या बाबतीत मराठीची घडण इंग्रजीशी आश्चर्यकारकपणे जुळते. दुष्काळ पडतो, टंचाई भासते. पडणे हे क्रियापद पाऊस, वीज, धाड, साथ यांच्या पंक्तीतले आहे. जे वरून येते आणि सर्वांवर येते, ते पडते. भासणे हे क्रियापद अनुभवाचे, काहीसे सापेक्ष. एकास भासेल, दुसऱ्यास भासणार नाही. आपण दुष्काळग्रस्त शेतकरी म्हणतो, परंतु टंचाईग्रस्त गाव म्हणतो. पहिल्या विशेषणाची ओढ माणसाकडे, तर दुसऱ्याची स्थळाकडे अधिक आहे.

तथापि एका बाबतीत मराठीचा दुष्काळ दोन्ही इंग्रजी शब्दांहून वेगळा आहे. दुः आणि काळ अशी त्याची फोड होते. म्हणजे त्याने नाव दिले आहे ते भुकेला नव्हे, कमतरतेलाही नव्हे, तर वाईट दिवसांना. सुकाळ हा त्याचा विरुद्धार्थी शब्दही काळाचाच वाचक आहे. म्हणूनच कोरडा दुष्काळ जसा असतो तसा ओला दुष्काळही असतो, आणि अतिवृष्टीने पीक सडले तर शेतकरी त्याला निःशंकपणे दुष्काळच म्हणतो. 'ड्राउट' ओला असू शकत नाही. पाऊस न पडणे या अर्थी आपल्याकडे अवर्षण हा नेमका शब्द आहे. आणि भिक्षासुद्धा मिळेनाशी होते अशा स्थितीसाठी दुर्भिक्ष हा संस्कृत शब्द आहे. यांपैकी दुर्भिक्ष हा 'फॅमिन'च्या सर्वांत जवळ जातो, कारण त्यातही वस्तूकडे नव्हे तर रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाकडे दृष्टी आहे.

३

या शब्दांना शासकीय अर्थ केव्हा प्राप्त झाला, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे वळले पाहिजे. १८७६ ते १८७८ या काळातील दक्षिण व पश्चिम भारतातील भीषण दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला व १८८० साली त्याने आपला अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १८८३ मध्ये एक नमुना-संहिता तयार झाली आणि तिच्या धर्तीवर निरनिराळ्या प्रांतांनी आपापल्या दुष्काळ-संहिता रचल्या.

या संहितांतील 'स्केअर्सिटी' व 'फॅमिन' यांचे नाते तरतमभावाचे आहे. पहिली अवस्था सौम्य, दुसरी तीव्र; पहिलीकडे वेळीच लक्ष न दिल्यास तिचे पर्यवसान दुसरीत होते, अशी ही कल्पना होती. परंतु संकट कोणत्या अवस्थेस पोहोचले आहे हे ठरविण्याची संहितेतील रीत विशेष विचारार्ह आहे. संकटाची शंका आली की कसोटीची कामे उघडली जात. काम कष्टाचे आणि मजुरी जेमतेम पोटापुरती. अशा कामावर गरजेवाचून कोणी येणार नाही, हे त्यामागील गृहीत होते. त्या कामावर लोकांची रीघ लागली की संकट खरे ठरे व मदतीची व्यापक व्यवस्था सुरू होई. जे श्रम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी धर्मार्थ मदतीची तरतूद होती.

या पद्धतीतील कठोरपणा उघड आहे. भुकेल्या माणसाने आपली भूक खडी फोडून सिद्ध करावी, अशी तिची अपेक्षा होती. परंतु अर्थविचाराच्या दृष्टीने तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेतलीच पाहिजे. कोठारात धान्य किती आहे वा शेतात पीक किती आले, यावर तिचा अंतिम निर्णय अवलंबून नव्हता. किती माणसे कामावर आली, हे तिचे प्रमाण होते. 'फॅमिन'च्या मुळाशी असलेली भूक अशा रीतीने शासकीय व्याख्येतही टिकून राहिली.

संहितेत शब्द आला म्हणजे त्याच्यामागोमाग कर्तव्येही आली. ही गोष्ट लोकमान्य टिळकांनी अचूक हेरली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात 'केसरी'तून व पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या द्वारे संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याची मोहीम त्यांनी चालविली. सरकारकडे दयेची याचना करू नका, सरकारनेच छापलेल्या नियमांप्रमाणे जे देणे आहे ते मागा, असा तिचा आशय होता. एखाद्या शब्दाचा कायदेशीर अर्थ लोकांस समजला की तो शब्द राज्यकर्त्यांस किती अडचणीचा होतो, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

त्यापाठोपाठ आलेला १८९९–१९०० चा दुष्काळ वऱ्हाडास विशेष भोवला. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडाची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास उतरली. उपासमार व रोगराई यांचा एकत्र परिणाम या आकड्यांत दिसतो. फुलसावंगीचा परिसर ज्या पुसद तालुक्यात मोडत असे, तो तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो यवतमाळ जिल्ह्यास जोडला गेला.

४

शब्द उच्चारल्याने उत्तरदायित्व येते. तेव्हा उत्तरदायित्व टाळावयाचे असल्यास शब्द टाळणे हा मार्ग उरतो. १९४३ साली बंगालमध्ये हेच घडले. लक्षावधी माणसे अन्नावाचून मृत्युमुखी पडत असता तेथील सरकारने दुष्काळ रीतसर जाहीर केला नाही व दुष्काळ-संहिता लागू झाली नाही. संहिता लागू केल्यास तीत सांगितलेला शिधा पुरविणे प्राप्त होते, आणि तेवढे धान्य आपणापाशी नाही अशी सरकारची भूमिका होती. १९४५ साली चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख ठरविली. पुढील अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या घरात नेली.

बंगालच्या या अनुभवावरूनच अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन्ही शब्दांतील नाते मुळापासून तपासले. त्यांच्या मते १९४३ मध्ये बंगालमधील धान्याचा एकूण पुरवठा १९४१ च्या मानाने कमी नव्हता. १९४१ मध्ये मात्र असा अनर्थ झाला नव्हता. याचा अर्थ असा की धान्याची लक्षणीय कमतरता नसतानाही माणसे उपासमारीने मरू शकतात. कारण प्रश्न धान्य असण्याचा नसून ते मिळविण्याच्या हक्काचा, म्हणजे हक्कदारीचा असतो. शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या श्रमाचे मोल तांदळाच्या भावापुढे कोसळले आणि बाजारात तांदूळ असूनही तो त्यांच्यापुरता नाहीसा झाला.

येथे संहितेतील तरतमभावास छेद जातो. 'स्केअर्सिटी' वाढत जाऊन तिची 'फॅमिन' बनते, ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही. दोहोंमधील भेद प्रमाणाचा नसून प्रकाराचा आहे. एक वस्तू व गरज यांच्यातील नाते सांगते. दुसरी माणूस व अन्न यांच्यातील नाते तुटल्याचे सांगते. पहिलीवाचून दुसरी उद्भवू शकते, आणि पहिली असूनही दुसरी टळू शकते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस 'स्केअर्सिटी'ची आणखी एक ओळख आहे. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची जी व्याख्या केली, तिचा पायाच साधनांची दुर्मिळता हा होय. या अर्थाने दुर्मिळता ही सार्वत्रिक व सार्वकालिक आहे. श्रीमंतास वेळेची दुर्मिळता असते, राष्ट्रास भांडवलाची. तीत कोणताही अनर्थ अध्याहृत नाही. 'स्केअर्सिटी' या शब्दाला प्रशासनात जो शांत, काहीसा निर्विकार स्वर प्राप्त झाला आहे, त्यास या शास्त्रीय वापराचीही जोड मिळाली असल्यास नवल नाही. मराठीत शास्त्रीय अर्थी दुर्मिळता व प्रशासकीय अर्थी टंचाई असे दोन शब्द आपण वेगळे ठेवले आहेत, ही आपल्या परिभाषेची जमेची बाजू मानली पाहिजे.

५

आता १९६३ च्या अधिनियमाकडे वळू. त्याच्या प्रस्ताविकेतील युक्तिवाद थोडक्यात असा आहे : राज्यातील शेतीच्या परिस्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदतीचे उपाय योजले जातात, यास्तव दुष्काळाची परिस्थिती उद्भवण्यास आता वाव उरलेला नाही, आणि म्हणून ही संज्ञा कालबाह्य झाली आहे. मूळ इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'स्केअर्सिटी' आहे व दुसऱ्या ठिकाणी 'फॅमिन'. संहितेतील तरतमभाव येथे जसाच्या तसा गृहीत धरला आहे. सौम्य अवस्थेतच उपचार झाला तर तीव्र अवस्था येणारच नाही, असा हा वैद्यकी थाटाचा विचार आहे. यापुढे प्रशासकीय व्यवहारात टंचाई हाच शब्द प्रमुख झाला.

या युक्तिवादाची परीक्षा नऊ वर्षांतच झाली. १९७० पासून लागोपाठ अपुऱ्या पावसाने गांजलेल्या महाराष्ट्रात १९७२ चा पाऊसही फसला. त्या वेळी मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसदजवळील गहुली गावचे, म्हणजे फुलसावंगीच्याच परिसरातले होत. शासनाने पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणे अशी कामे मोठ्या प्रमाणावर काढली. मे १९७३ मध्ये त्या कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोहोचली होती. तुटवड्याची तीव्रता पाहता मोठ्या प्रमाणावर उपासमारीचे मृत्यू ओढवले असते. ते ओढवले नाहीत. 'फॅमिन'च्या काटेकोर अर्थाने पाहिल्यास अधिनियमाचा दावा या वर्षी खरा ठरला, असेच म्हणावे लागेल.

आणि तरीही महाराष्ट्राच्या स्मृतीत ते वर्ष बहात्तरचा दुष्काळ म्हणूनच राहिले. बहात्तरची टंचाई असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. शासनाच्या कागदांत जी टंचाईची कामे होती, त्यांना लोकांनी दुष्काळी कामे म्हटले. तेथे वाटलेली सुकडी आणि रेशनवर आलेला तांबडा मिलो ही दुष्काळाचीच चिन्हे म्हणून सांगितली जातात. लोकांनी येथे कायद्याची अवज्ञा केली नाही. त्यांचा दुष्काळ हा मुळात 'फॅमिन' नव्हताच. तो वाईट काळ होता, आणि तो काळ खरोखरच वाईट होता.

या अनुभवातून निपजलेली रोजगार हमी योजना अर्थविचाराच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच धर्तीचा देशव्यापी कायदा २००५ मध्ये झाला. जुन्या संहितेतील कसोटीच्या कामांचे तत्त्व, म्हणजे काम मागावयास आलेला माणूस हाच संकटाचा पुरावा, हे या कायद्याने उचलले. परंतु त्यातील कसोटी काढून तेथे हक्क ठेवला. 'फॅमिन' हा शब्द कायद्यातून गेला, तरी त्याच्यातील माणसाकडे पाहणारी दृष्टी अशा रीतीने दुसऱ्या दाराने परत आली.

६

फुलसावंगीसारख्या गावाच्या संदर्भात हे शब्द कसे कार्य करतात ते आता पाहू. हे गाव महागाव तालुक्यात, पैनगंगेच्या उत्तरेस आहे. नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यातील माहूरचा परिसर लागतो. कापूस, सोयाबीन, तूर ही या भागातील प्रमुख पिके. त्यांपैकी कापूस खाता येत नाही व सोयाबीन घरी शिजत नाही. येथील बहुतेक शेतकरी आपले धान्य विकत घेतो. त्यामुळे त्याचे अन्न त्याच्या शेतात नसून त्याच्या हाती येणाऱ्या पैशात आहे.

समजा, एखाद्या वर्षी या शिवारात पाऊस ऐन फुलोऱ्याच्या वेळी दडी मारतो. महसूल खात्याची पहिली मोजणी म्हणजे पैसेवारी. पूर्वी पीक रुपयाच्या आण्यांत मोजत, म्हणून तिला आणेवारी म्हणत. पीक कापणीचे प्रयोग करून गावाचे सरासरी उत्पादन काढावयाचे, त्याची प्रमाण उत्पादनाशी तुलना करावयाची आणि ते प्रमाण पैशांत मांडावयाचे, ही तिची पद्धत. नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा तीन टप्प्यांनी ती ठरते. अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली तर गाव टंचाईच्या सवलतींस पात्र समजण्याचा प्रघात पडला. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, टँकरने पाणी, अशा या सवलती आहेत.

दुसरी मोजणी 'ड्राउट'ची. केंद्र शासनाच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेची सुधारित आवृत्ती डिसेंबर २०१६ मध्ये निघाली. तीत पावसाची तूट, वनस्पतींचा निर्देशांक, जमिनीतील ओलावा, जलसाठे असे निकष आहेत आणि त्यांवरून तालुक्यातील दुष्काळ मध्यम की गंभीर हे ठरते.

या दोन्ही मोजण्या आपापल्या परीने उपयुक्त आहेत व मनमानीस आळा घालणाऱ्या आहेत. परंतु त्या कशाची मोजदाद करतात हे पाहावे. एक पिकाची करते, दुसरी पाण्याची व हिरवाईची. पैसेवारी एकावन्न आली तर गाव सुस्थितीत, एकोणपन्नास आली तर टंचाईत. परंतु त्या दोन पैशांच्या अंतरात कोणत्या घरी चूल पेटली व कोणत्या घरी नाही, हे या आकड्यास कळण्याचा मार्ग नाही. गावाची सरासरी भूमिहीन मजुराचे काहीच सांगत नाही. त्याच्यापाशी पीकच नसल्यामुळे त्याची पैसेवारीही नाही. जुन्या संहितेची कसोटी कठोर होती खरी, परंतु तिच्यासमोर हाच मजूर प्रथम उभा राहत असे.

शासनाच्या शब्दयोजनेतील सावधपणाचे अलीकडील उदाहरण म्हणजे सदृश हे पद. ऑक्टोबर २०१५ मध्ये महाराष्ट्रातील १४,७०८ गावांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयात याविषयी सुनावणी चालू असता मे २०१६ मध्ये शासनाने दुष्काळसदृश याऐवजी दुष्काळ असे वाचावे, असा खुलासा केला व तो सुमारे २९ हजार गावांना लागू झाला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही दुष्काळ जाहीर करण्यास राज्ये का कचरतात, याचा परामर्श घेणारा निर्णय दिला. २०१८ मध्ये हाच क्रम पुन्हा दिसला : प्रथम १८० तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती आणि काही दिवसांनी १५१ तालुक्यांत दुष्काळ. अलंकारशास्त्रात सदृश हा उपमावाचक शब्द आहे. उपमेय व उपमान भिन्न असल्याखेरीज उपमा संभवत नाही. म्हणजे दुष्काळसदृश याचा शब्दशः अर्थ दुष्काळ नव्हे असाच होतो. फुलसावंगीच्या शेतकऱ्यास अलंकारशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु या एका पदाने आपल्या पदरात काय पडते व काय राहून जाते, हे त्याला चांगले कळते.

७

या सर्व शब्दांच्या जाळ्यातून निसटणारे एक दुःख याच तालुक्याने पाहिले आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह आपले जीवन संपविले. महाराष्ट्रातील शेतकरी-आत्महत्यांच्या चर्चेत ही पहिली नोंदलेली घटना म्हणून सांगितली जाते. पुढील काळात यवतमाळ जिल्ह्याचे नाव या विषयाशी दुर्दैवाने कायमचे जोडले गेले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना घोषित केली.

ही मदत 'फॅमिन'ची नव्हती, कारण कोठारे भरलेली होती. 'स्केअर्सिटी'ची नव्हती, कारण अमुक एका वस्तूचा तुटवडा हे तिचे कारण नव्हते. आणि 'ड्राउट'चीही नव्हती, कारण पाऊस बरा झालेल्या वर्षीही कर्ज, उत्पादनखर्च व कापसाचा भाव यांचा मेळ बसत नव्हता. जुने शब्द अपुरे पडले तेव्हा आत्महत्याग्रस्त हा नवा शब्द टंचाईग्रस्तच्या साच्यात घडविण्यात आला व तो जिल्ह्यांस विशेषण म्हणून लावला गेला. येथेही विशेषण स्थळाला लागले आहे, माणसाला नव्हे. आणि ग्रस्त या पदाने त्या मृत्यूंस नैसर्गिक आपत्तीचे रूप दिले. जणू काही आत्महत्या हीच बाहेरून आलेली एक साथ असावी.

अन्न आहे, परंतु ते मिळविण्याचे सामर्थ्य नाही; पीक आहे, परंतु त्याचे मोल नाही, ही स्थिती सेन यांच्या हक्कदारीच्या विवेचनाशी निकटची आहे. 'फॅमिन' हा शब्द केवळ धान्याच्या अभावाशी जखडून न टाकता माणूस व उपजीविका यांच्यातील तुटलेल्या नात्याचा वाचक मानला असता, तर त्याच्या प्रकाशात हे संकट कदाचित लवकर ओळखता आले असते. शब्द कालबाह्य ठरविताना त्याच्याबरोबर ती दृष्टीही कालबाह्य ठरते, हा धोका १९६३ च्या विधिकारांच्या ध्यानात आला असेल असे दिसत नाही.

८

वरील विवेचनावरून अनुवादकांसाठी व संशोधकांसाठी काही निष्कर्ष निघतात.

पहिला असा की 'फॅमिन', 'स्केअर्सिटी' व 'ड्राउट' यांसाठी शास्त्रीय लेखनात अनुक्रमे दुर्भिक्ष, टंचाई व अवर्षण हे तीन शब्द निश्चित करावेत. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्था आज 'फॅमिन' हा शब्द वापरतात तो मृत्युदर, बालकांचे तीव्र कुपोषण व कुटुंबांचा अन्नतुटवडा या तीन निकषांची विवक्षित मर्यादा ओलांडली गेल्यावरच. २०११ मध्ये सोमालियात व २०१७ मध्ये दक्षिण सुदानात तो अशा रीतीने घोषित झाला. अशा मजकुराचा अनुवाद करताना नुसता दुष्काळ हा शब्द घातल्यास वाचकाच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन उभी राहते, आणि मूळ लेखनातील मृत्यूंची मोजदाद बाजूला पडते.

दुसरा असा की जुने दप्तर वाचताना मराठी दुष्काळ या शब्दामागे कोणता इंग्रजी शब्द आहे हे प्रत्येक वेळी तपासावे. १८९७ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ व २०१८ चा दुष्काळ यांची आकडेवारी एकाच स्तंभात मांडून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतील. कारण पहिल्या ठिकाणी माणसे मोजलेली आहेत, दुसऱ्या ठिकाणी प्रामुख्याने पीक व कामावरील मजूर, आणि तिसऱ्या ठिकाणी पाऊस, ओलावा व हिरवाई.

तिसरा निष्कर्ष लोकभाषेविषयीचा आहे. परिभाषेची काटेकोर व्यवस्था लावताना लोकांचा दुष्काळ हा शब्द सैल व अशास्त्रीय म्हणून त्याज्य मानू नये. तो सैल आहे, कारण त्याला अवर्षण, अतिवृष्टी, महर्गता, बेकारी व कर्ज हे सर्व एकाच काळाच्या पोटात दिसते. शेतकऱ्याच्या घरात ही संकटे निरनिराळ्या खात्यांमार्फत येत नाहीत. जेथे शासकीय संज्ञा लागू होत नाही आणि तरीही गाव दुष्काळ आहे म्हणते, तेथे गावाची भाषा सुधारण्यापूर्वी आपल्या संज्ञेच्या कक्षेबाहेर काय राहिले याचा शोध घेणे, हे संशोधकाचे पहिले काम होय.